घनफुटाचा हिशोब: नागपूर ते घणसोली, घर हलवायच्या नोंदी

१२ मार्च २०२५, बुधवार, घणसोली

आजपासून लिहून ठेवतो. डोक्यात ठेवलं की रात्री झोप लागत नाही, आणि बायकोला फोनवर सांगितलेला आकडा न् मी ऑफिसात कागदावर लिहिलेला आकडा दर वेळी वेगळाच निघतो.

परिस्थिती अशी. जानेवारीत ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये जॉइन झालो, तेव्हापासून घणसोलीत पीजीमध्ये एका खोलीत तिघं राहून राहिलो, महिना साडेनऊ हजार. नागपूरला मानेवाड्यात बाबांनी बांधलेलं घर आहे, खालच्या मजल्यावर आई, बायको आणि पाचवीतला पोट्टा. परीक्षा झाली की सगळ्यांना इकडे आणायचं आणि तिकडचं घर भाड्यानं द्यायचं. आई "पाहू" म्हणते. आईचं पाहू म्हणजे नाही पण नसते आणि हो पण नसते.

पहिला अंदाज शीटमध्ये टाकला: ट्रक ४५,०००, डिपॉझिट ७५,०००, ब्रोकरेज २५,०००, पहिल्या महिन्याचं भाडं २५,०००, शाळा १५,०००, तिकिटं ५,०००, किरकोळ १०,०००. बेरीज बरोब्बर दोन लाख आली. इतकी गोल बेरीज आली तेव्हाच कळायला पाहिजे होतं की हे सगळे आकडे मी मनानं लावलेत.

कंपनी शिफ्टिंगचे ४०,००० देणार, पण जीएसटी नंबर असलेलं पक्कं बिल पाहिजे आणि पैसे बिल दिल्यावर दोन-तीन महिन्यांनी पगारात. म्हणजे आधी आपल्याच खिशातून.

२३ मार्च, रविवार

तीन जणांकडून भाव घेतले, सगळे १७ फुटी गाडीचे, कारण मी सामानाची यादी देताना घरातलं सगळंच सांगितलं.

पहिला मोठा पॅकर्सवाला, ६२,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७३,१६०. ऐकूनच मी फोन दुसऱ्या कानाला लावला. दुसरा ४८,००० म्हणाला, बिल मागितलं तर म्हणे "कच्चं बिल देतो ना साहेब". कंपनी कच्चं बिल घेत नाही, त्यामुळे कट. तिसरा भाव माझ्या मावसभावाने काढला, नागपूरच्या वाडीतल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडून. भिवंडीच्या गोडाउनमधून माल घेऊन नागपूरला आलेली गाडी परत जाताना रिकामी जाते, त्या रिटर्न गाडीत आपलं सामान टाकायचं, २६,०००. पॅकिंग आपलं, तिकडची हमाली आपली, इकडची वाराई, म्हणजे उतरवायची मजुरी, पण आपलीच. पॅकिंगचं सामान ६,०००, नागपूरचे हमाल ४,०००, इकडे उतरवायचे ५,००० धरले तर ४१,०००, आणि बिल नाही.

आता गंमत बघा. पहिल्याचे ७३,१६० वजा कंपनीचे ४०,०००, उरले ३३,१६०. म्हणजे सगळ्यात महाग भाव मला सगळ्यात स्वस्त पडतो. दोन दिवस मी रिटर्न गाडीवर खूश होतो आणि हे साधं वजाबाकीचं गणित सुचलं नव्हतं.

ई-वे बिलाचं, म्हणजे माल नेताना जीएसटीखाली काढायच्या कागदाचं, पण विचारून घेतलं, कारण मावसभावाने भीती घातली होती की नाक्यावर अडवतात. घरातल्या वापरलेल्या सामानाला ई-वे बिल लागत नाही, सामानाची यादी आणि आपलं सही केलेलं पत्र गाडीत ठेवलं की झालं.

विमा मात्र तिरपा निघाला. पॅकर्सवाला म्हणे सामानाच्या किमतीच्या ३ टक्के भरा, इन्शुरन्स होऊन जाईल. दोन लाख किंमत धरली तर ६,०००. मी म्हटलं ठीक आहे, पॉलिसी कोणत्या कंपनीची, तिचा नंबर आणि कॉपी मला पाठवा. मग तो बोलायचाच थांबला. खूप खोदल्यावर कळलं की ती पॉलिसी नाहीच, त्यांचीच पावती आहे, काही फुटलं तर भरपाई द्यायची की नाही ते तेच ठरवणार. नाही घेतला. फुटण्यासारखं आम्ही हातात आणू.

३० मार्च, पाडवा, नागपूर

विदर्भ एक्सप्रेसनं सकाळी पोचलो. गुढी झाली, पुरणपोळी झाली, आणि दुपारी मी टेप घेऊन घरभर फिरलो.

कल्पना अशी: १७ फुटीऐवजी १४ फुटी गाडी बसवता आली तर भाव खाली येतो. १४ फुटी गाडीची आतली जागा साधारण १४ गुणिले ६ गुणिले ६, म्हणजे ५०४ घनफूट. फोनवर विचारलं, १४ फुटीचे ४६,००० अधिक जीएसटी, ५४,२८०. भागिले ५०४, एका घनफुटाला १०८ रुपये. आता घरातल्या प्रत्येक वस्तूला तिचं स्वतःचं भाडं लावता येते.

बाबांचा लोखंडी कूलर ३ बाय ३ बाय ४, म्हणजे ३६ घनफूट, भाडं ३,९०० च्या आसपास. दिवाण पण तेवढाच. लोखंडी कपाट ३,४००. प्लास्टिकच्या सहा खुर्च्या एकात एक घातल्या तर ७००, आणि नव्या घेतल्या तर त्यापेक्षा फार जास्त नाही पण आहेत त्या चांगल्या आहेत. वॉशिंग मशीनला भाडं परवडते, फ्रिजला परवडते, पुस्तकांना अजिबात परवडत नाही पण पुस्तकं येणार, तिथे मी हिशोब केला नाही. माणूस आपल्या वस्तूंना सूट देतोच.

संध्याकाळी शीट सगळ्यांना वाचून दाखवली. बायकोनं फटाफट सांगितलं, दिवाण विका, जुना डायनिंग विका, शोकेस विका. तिला मी पूर्ण ओळखत नाही असं वाटून गेलं. आई ऐकून राहिली होती. कूलरचं भाडं ३,९०० आणि भंगारवाला देते १,५०० असं मी म्हटल्यावर ती म्हणाली,

"माझंही घनफूट काढ मग."

त्यानंतर त्या दिवशी शीट उघडली नाही.

खरं सांगायचं तर कूलर भंगार नाहीच. बाबांनी २००३ साली ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून जाड पत्र्याचा बनवून घेतला, दोनदा मोटर बदलली, दर एप्रिलमध्ये नवीन वाळ्याच्या ताट्या, मोठा पंखा, रात्री खिडकीतून असा आवाज येते की पाहुण्यांना झोप लागत नाही आणि आम्हाला त्याच्याशिवाय लागत नाही. नागपूरच्या ४५ डिग्रीत त्याच्यासारखी चीज नाही. पण नवी मुंबईत तो लोखंडाचा डबा आहे. पाणी उडून जायला हवा कोरडी लागते, तिथली हवा आधीच पाण्यानं भरलेली. पीजीतल्या माझ्या रूममेटनं मागच्याच महिन्यात हौसेनं एक प्लास्टिकचा कूलर आणला, चार दिवसांत गाद्या ओल्या, भिंतीवरचं कॅलेंडर गोल गुंडाळून आलं, आणि तिघं पण घामात. आता त्या कूलरवर तो लॅपटॉपची बॅग ठेवते.

हे आईला कसं सांगायचं ते माहीत नाही. तिला कूलरचं सायन्स नको आहे.

६ एप्रिल, रविवार

दिवाण ४,५०० ला गेला, डायनिंग आणि शोकेस मिळून ४,०००. साडेआठ हजार आले आणि गाडी १४ फुटी झाली. भाव पाडायला मी पॅकर्सवाल्याशी अर्धा तास भांडलो होतो तर दोन हजार पण सोडले नव्हते त्यानं. तीन लाकडी वस्तू विकल्या तर जवळपास १९,००० कमी झाले.

फायनल: ५४,२८०, पक्कं बिल, बंद बॉडीची गाडी. ताडपत्रीवाली नको म्हटलं, जूनमध्ये आणायचं आहे. ५,००० ॲडव्हान्स दिला.

१ एप्रिलपासून समृद्धीचा टोल वाढला, कारला किलोमीटरमागे १ रुपया ७३ पैसे होते ते २ रुपये ६ पैसे झाले. आम्ही कारनं येत नाही पण गाडीवाला हे कारण काढणार म्हणून कोटेशनवर "टोलसहित" असं लिहून घेतलं. स्कूटर ट्रकमध्येच टाकायची, समृद्धीवर टू-व्हीलर चालत नाही आणि जुन्या रस्त्यानं आठशे किलोमीटर स्कूटर चालवायचं वय गेलं.

२० एप्रिल, रविवार

घर शोधण्याचा तिसरा रविवार. पाय दुखून राहिले.

आधी खारघर पाहिलं कारण तिथे त्याच पैशात मोठं घर मिळते, रस्ते रुंद, डोंगर दिसते. पण रोज ऐरोलीपर्यंत यायचं, आणि ऑफिसातला तिथे राहणारा एक जण म्हणाला की उन्हाळ्यात त्यांच्या सोसायटीला टँकर लागते. नवी मुंबई म्हणून आपण एकच शहर समजतो पण ते दोन आहेत, बेलापूरपर्यंत नवी मुंबई महापालिका आणि तिचं स्वतःचं मोरबे धरण, खारघरपासून पनवेल महापालिका. नागपुरात बसून हे कळत नाही. ब्रोकर पण आपणहून सांगत नाही.

मग ऐरोली. सेक्टर छान आहेत, झाडं आहेत, पण टू बीएचके ३६,००० च्या खाली कोणी बोललंच नाही. घणसोली गावठाणात १८,००० ला दोन खोल्या मिळत होत्या, मालक साधा माणूस, चहा पाजला, पण करारनामा रजिस्टर करायला तयार नाही. मी म्हटलं मला शाळेत पत्त्याचा पुरावा लागते, आधारवर पत्ता बदलायचा आहे, गाडीच्या आरसीवर बदलायचा आहे. तो म्हणे "नोटरी करून देतो ना". नोटरीनं नाही चालत. चहा चांगला होता.

शेवटी घणसोलीतच, एका सेक्टरमध्ये, स्टेशनपासून चालत बारा मिनिटं, तिसरा मजला, लिफ्ट आहे, टू बीएचके, २९,००० भाडं, एक लाख डिपॉझिट, ब्रोकरला एक महिना. माझ्या अंदाजात हे २५ आणि ७५ होते. बायकोला व्हिडिओ कॉलवर घर दाखवलं, तिनं बेडरूम पाहिली नाही, आधी ओट्याची उंची आणि सिंकच्या खाली ओल आहे का ते दाखवा म्हणाली. ओल आहे. थोडी. "मग भाव कमी करा." मालकानं केला नाही पण पावसाआधी नळवाला पाठवतो म्हणाला.

एकच अडचण, मालक १५ मेच्या पुढे घर रिकामं ठेवत नाही. आम्ही जूनमध्ये येणार. तीन-साडेतीन आठवड्यांचं भाडं फुकट. हे अंदाजात कुठेच नव्हतं, दोन घरांच्या मधले जे दिवस असतात त्यांचा पण एक भाव असतो.

४ मे, रविवार

करारनाम्याचं. ब्रोकर म्हणे रजिस्ट्रेशन पॅकेज ६,०००, अर्धे तुम्ही अर्धे मालक. मी म्हटलं थांबा.

लिव्ह अँड लायसन्सची स्टॅम्प ड्युटी एकूण रकमेच्या ०.२५ टक्के असते. एकूण रक्कम म्हणजे ११ महिन्यांचं भाडं ३,१९,००० आणि त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी काल्पनिक व्याज, ते ११ महिन्यांचं ९,१६७. सगळं मिळून ३,२८,१६७, त्याचे ०.२५ टक्के म्हणजे ८२० रुपये. महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन फी १,०००. दोन हजारही होत नाही. उरलेले चार हजार कशाचे? म्हणे घरी येऊन अंगठा घेतात त्याचे. अंगठा एवढा महाग नाही म्हटलं. ३,८०० वर आला, माझे १,९००. स्वतः ऑनलाइन केलं असतं तर अजून वाचले असते पण मालक साठीचे आहेत, त्यांना अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येणारा माणूसच बरा वाटते.

पीजीवाल्याला आज सांगितलं की १५ ला सोडतो. त्यानं रजिस्टर उघडून दाखवलं, एक महिन्याची नोटीस, त्यामुळे जानेवारीत ठेवलेलं साडेनऊ हजार डिपॉझिट गेलं. १५ एप्रिलला सांगायला पाहिजे होतं. माझीच चूक, सही माझीच आहे खाली.

१५ मे, गुरुवार

चावी मिळाली. घरात दोन पंखे आहेत, हॉलमध्ये आणि एका बेडरूममध्ये. बाकी हुकच. गीझर नाही. बाल्कनीला जाळी नाही आणि कबुतरांना ते आधीच माहीत आहे.

गादी टाकून झोपलो. रिकाम्या घरात फोनवर बोललं की आवाज घुमते, आई म्हणाली तू बाथरूममधून बोलून राहिला का.

२६ मे, सोमवार

आज मान्सून मुंबईत आला म्हणून जाहीर झालं. २६ मे! आजवर इतक्या लवकर कधी आला नव्हता म्हणतात. मी जूनच्या दहा तारखेपर्यंत कोरडं धरलं होतं सगळं. सकाळी ऑफिसला जाताना घुडघ्यापर्यंत पँट वर, स्टेशनजवळ पाणी, आणि तिकडे बायको फोनवर सांगते की नागपुरात अजून घामाच्या धारा आहेत.

एक फायदा झाला. सिंकखालची ओल थोडी नव्हती, चांगली होती, आणि दुसऱ्या बेडरूमच्या खिडकीच्या कोपऱ्यातून पण पाणी येते. सामान आल्यावर कळलं असतं तर कपाट नेमकं तिथेच उभं असतं. फोटो काढून मालकाला पाठवले, तारखेसकट. नळवाला आणि एक वॉटरप्रूफिंगवाला येऊन गेले, पैसे मालकाने दिले. कपाट आता समोरच्या भिंतीला, नकाशावर खोडून परत काढलं.

बंद बॉडीची गाडी घेतली हे बरं केलं.

१ जून, रविवार, नागपूर

चार दिवस सुट्टी काढून आलो, कागदपत्रांसाठी. काही लवकर झालं, काही नाही.

शाळेचा दाखला पहिल्याच फेरीत मिळाला, फक्त आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव यात एका वेलांटीचा फरक होता तो दुरुस्त करायला हेडमास्तरांनी अर्धा तास बसवलं. नवी मुंबईतली शाळा १६ जूनला सुरू होते, विदर्भातल्या शाळा उन्हामुळे २३ ला. पोट्ट्याच्या लक्षात आलं की शिफ्टिंगमुळे त्याची एक आठवडा सुट्टी कापली गेली. "तिकडे ऊन नाही तर माझी काय चूक?" उत्तर नव्हतं माझ्याकडे.

गॅस: रिकामा सिलिंडर, रेग्युलेटर आणि पुस्तक एजन्सीत जमा केलं, ट्रान्सफर व्हाउचर आणि जुनं डिपॉझिट परत मिळालं. ते जुन्या रेटचं असते, आज नवीन कनेक्शन घेतलं तर एका सिलिंडरला २,२०० ठेवावे लागतात. आम्हाला गरज नाही, घणसोलीच्या बिल्डिंगला महानगरचा पाइप गॅस आहे. पण शेगडी तशीच लावून चालत नाही, पाइप गॅसचं प्रेशर वेगळं असते, आतलं नोझल बदलावं लागते.

वॉशिंग मशीन फ्रंट लोड आहे, पॅकर्सवाला म्हणे ड्रम बांधायचे बोल्ट पाहिजेत, नाहीतर रस्त्यात ड्रम हलून बेअरिंग जाते. ते बोल्ट घेतल्याच्या दिवशी फेकले असणार. सक्करदऱ्याच्या मेकॅनिककडे जुने मिळाले, ३०० रुपये.

खोके: दारूच्या दुकानातले सगळ्यात मजबूत असतात. आईला औषधाच्या दुकानातले सांगितले. तिनं वाचले नाही की वाचून गप्प राहिली, ठाऊक नाही.

भाडेकरू ठरले. नवरा-बायको आणि सात महिन्यांचं बाळ, भाडं ११,०००, डिपॉझिट ३३,०००. ते ३३,००० मी शीटमध्ये उत्पन्नात टाकले नाहीत, परत द्यायचे आहेत. घर पाहायला आले तेव्हा बाहेर ४३ होतं, त्यांचं बाळ कूलरसमोर खाली टाकल्याबरोबर झोपलं. भाडेकरूच्या बायकोनं आईला विचारलं, हा कूलर किती थंड करते हो? आई तिला ताट्या कुठून घ्यायच्या, पाणी किती वाजता भरायचं, मोटरला तेल कधी, सगळं सांगत बसली. मी आत पेपरात कपबशा गुंडाळत होतो.

५ जून, गुरुवार

समृद्धीचा शेवटचा टप्पा आज सुरू झाला, इगतपुरी ते आमणे, ७६ किलोमीटर. म्हणजे आता नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत ७०१ किलोमीटर एकच रस्ता. आमच्या गाडीला आता इगतपुरीला उतरून कसारा घाटातून जायचं काम नाही. पॅकर्सवाल्यानं ६ तारीख दिली होती, मग शनिवारी बकरी ईद आहे, माणसं गावी गेलीत म्हणून ९ वर ढकलली. चला, ते ढकलणं कामी आलं.

९ जून, सोमवार, नागपूर

सकाळी सातला येतो म्हटलेली माणसं साडेनऊला आली, चार जण. त्यांच्यातला एक म्हातारा होता, त्यानं काही उचललं नाही, फक्त गाडीत उभं राहून कोणती वस्तू कुठे ते सांगत होता, आणि त्याच्याचमुळे सगळं बसलं. कपाट आडवं नाही, उभंच, दारं दोरीनं बांधून. फ्रिज उभा, दोन गाद्यांच्या मध्ये. पुस्तकांचे खोके खाली चाकांच्या वर. माझा ५०४ घनफुटाचा नकाशा मी खिशातून काढलाच नाही.

दुपारी आईनं फोनवर बातमी पाहिली, मुंब्र्याजवळ लोकलमधून माणसं पडली. घर अर्धं रिकामं, ती खोक्यावर बसून मला विचारते, तू अशाच गाडीत जाते का? मी म्हटलं माझी लाइन वेगळी आहे, दोन स्टेशनं फक्त. खरं आहे ते, पण सांगताना खोटं बोलल्यासारखं वाटलं.

चारला गाडी भरली. कूलर अंगणातच. हमाल म्हणाला हा घ्यायचा ना? मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "त्याला राहू दे, लेकराला लागते." पैशाचं मी काही बोललो नाही. शीटमध्ये कूलर विक्री १,५०० लिहिलं होतं, तिथे शून्य केलं.

ड्रायव्हरला यादी, पत्र आणि घणसोलीचं लोकेशन दिलं. आम्ही संध्याकाळच्या विदर्भनं. लोणच्याच्या दोन बरण्या आईच्या पायाशी, एक बायकोच्या मांडीवर.

१० जून, मंगळवार, घणसोली

ठाण्याला उतरलो, नऊ-दहा नंबरवरून ट्रान्स हार्बर, बरण्यांसकट. ऑफिसची गर्दी उलटी होती म्हणून जमलं, म्हणजे तीही पूर्ण उलटी नव्हती.

गाडी साडेअकराला आली. ड्रायव्हर खूश, म्हणे आमण्यापर्यंत लोण्यासारखा रस्ता, सकाळी सहालाच तिथे होतो, मग भिवंडीपासून घणसोलीपर्यंतच साडेपाच तास. थोडा वेळ झोपला पण असेल. सातशे किलोमीटर एका रात्रीत आणि शेवटच्या तीस-पस्तीसला अर्धा दिवस.

गाडी गेटपर्यंत पोचलीच नाही. गल्लीत दोन्ही बाजूंनी पार्किंग, १४ फुटी गाडीला वळण मिळेना, दीडशे मीटर अलीकडे उभी. उतरवणारी माणसं म्हणे इतक्या लांबून न्यायचे वेगळे पैसे. ५,००० पासून सुरू झाले, २,५०० वर थांबले. मी आधीपासून इथे राहून घर मोजलं, खिडकी मोजली, लिफ्ट मोजली, गल्ली मोजली नाही. सोसायटीनं शिफ्टिंगचे २,००० घेतले, पावती दिली, आणि वॉचमननं सांगितलं पाचच्या आत संपवा.

आज वटपौर्णिमा. बायकोचा उपास, साडी पॅकिंगमध्ये कोणत्या खोक्यात ते कुणालाच माहीत नाही. सामान निम्मं वर गेल्यावर ती आणि आई वड शोधायला निघाल्या. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी पाहिलं आणि म्हणाल्या, चला माझ्याबरोबर, गावाकडे देवळापाशी आहे. तासाभरानं तिघी परत आल्या तेव्हा आईला बिल्डिंगमधल्या चार घरांची माहिती होती, कोण साताऱ्याचे, कोण जुन्नरचे, दूधवाला कोणता खरा. मला पाच महिन्यांत एवढं कळलं नव्हतं.

सही करायच्या आधी सगळे खोके मोजले, ६३ पैकी ६३. फ्रिजच्या दाराला पोचा, कपाटाचा एक पाय वाकडा. दोन्ही डिलिव्हरीच्या कागदावर लिहिलं आणि मगच सही केली, ड्रायव्हरला आवडलं नाही. फ्रिज संध्याकाळपर्यंत बंदच ठेवला.

लोणचं सुखरूप.

२२ जून, रविवार

पोट्टा सोमवारी शाळेत गेला. तिसऱ्या दिवशी घरी येऊन म्हणे "मी करून राहिलो" म्हटलं की पोरं हसतात. चौथ्या दिवशी म्हणे त्यांच्यातला एक पण तसंच बोलायला लागला.

शीट बंद करतो. डिपॉझिट १,००,०००. ब्रोकरेज २९,०००. पहिलं भाडं २९,०००. पीजीत बुडालेले ९,५००. करारनामा १,९००. पॅकर्स ५४,२८०. सोसायटी २,०००. गल्लीचे २,५००. शाळा २२,०००. तिकिटं ११,४००, माझ्याच फेऱ्यांची जास्त. पंखे, गीझर, कबुतरजाळी, पडदे १४,०००. आणि एसी, आईच्या खोलीला, दीड टन, फिटिंग धरून ४१,०००. एकूण ३,१६,५८०.

विकलेल्या सामानाचे साडेआठ आले, कंपनीचे चाळीस यायचे आहेत, बिल दिलं आहे. पोच्याचा दावा मेलवर टाकला, उत्तर नाही.

सगळे मला एकच विचारतात, ट्रकला किती लागले? मी पण मार्चमध्ये सगळा वेळ ट्रकवरच घालवला. ट्रक एकूण खर्चाच्या १७ टक्के निघाला.

मानेवाड्याहून भाडेकरूच्या बायकोचा आईला फोन येते, आठवड्यातून दोनदा तरी. आज मोटरमधून टक टक आवाज येते म्हणून. आईनं फोनवरून ऐकला आवाज आणि सांगितलं, पंख्याचा स्क्रू ढिला आहे, डावीकडचा.

राहिलेलं: मतदार यादीचा ८ नंबरचा फॉर्म. स्कूटरच्या आरसीवर पत्ता, नंबर एमएच ४९ च राहते, राज्य तेच आहे. कपाटाच्या पायाखाली तात्पुरती फरशी लावली आहे, वेल्डिंगवाला पाहायचा. उद्या अकराला एसीवाला, पाइपचं पाणी खालच्या काकूंच्या गॅलरीत नाही पडलं पाहिजे.